हाताला कळेल असं मासिक

मोडनिंबची महानंदा लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा नवऱ्याच्या खोलीत तिला सगळ्यात आधी दिसली ती खुंटीला टांगलेली गिटार. भांडी त्यानंतर दिसली, आणि तीही फार नव्हती.

"ह्ये काय?" तिनं विचारलं.

"गिटार हाय." रामहरीनं ती खाली काढली आणि मांडीवर घेऊन एका गाण्याची ओळ वाजवून दाखवली. महानंदाला ते गाणं रेडिओवर ऐकून माहीत होतं. ती ओळखीचं हसली, आणि रामहरीला वाटलं, आपलं बरं चाललंय.

रामहरी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गोव्याकडचा एक फिटर नोकरी सोडून गावी निघाला, तेव्हा जाता जाता त्यानं ही गिटार रामहरीच्या हातात ठेवली होती. शिकवलं कुणीच नव्हतं. पाळी संपली की रामहरी दारात बसून तारा चाचपायचा आणि एक एक सूर शोधून गाणं जुळवायचा. पुढं बसलिंगप्पाच्या ऑर्केस्ट्रात त्याला अधूनमधून बोलावणं यायला लागलं. बसलिंगप्पाचं कापडाचं दुकान होतं, पण त्याचा सगळा जीव ऑर्केस्ट्रात. गणपतीत, लग्नात, कारखान्याच्या कार्यक्रमात ही मंडळी सिनेमाची गाणी वाजवायची.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला रामहरीला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. डोकं दुखायचं. त्यानं ते अंगावर काढलं. डॉक्टरकडं गेला तेव्हा काचबिंदू पुष्कळ पुढं गेलेला होता. उपचार झाले, पण नजर परत आली नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सगळंच विझलं. साच्यावर आंधळा माणूस कोण ठेवणार? गिरणी सुटली.

महानंदा एका चादरीच्या कारखान्यात दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, वळायला जायला लागली. संध्याकाळी परत यायची, तेव्हा रामहरी सकाळी जिथं बसलेला असायचा तिथंच बसलेला दिसायचा. गिटार खुंटीला.

"वाजवा की," ती म्हणायची.

"कुणासाठी?"

एक दिवस ती त्याला घेऊन बसलिंगप्पाच्या दुकानात गेली. बसलिंगप्पानं दोघांना गादीवर बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला स्पष्ट होता.

"रामहरी, तू धून चांगली वाजवतोस. पण धून आमचा अकॉर्डियनवालाबी वाजवतो की. आता गाणी बदलली. मला कॉर्ड धरणारा माणूस पाहिजे. गाणारा गातो, त्याला खालून आधार देणारा. तेवढं तुला येतं?"

कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबून एकत्र वाजवायच्या. रामहरीनं ते कार्यक्रमात ऐकलं होतं, कधी केलं नव्हतं. त्यानं नकाराची मान हलवली.

"मग शिकून ये. जागा मी सध्या भरत नाही. पण कायम थांबणार नाही, हेबी सांगतो."

बाहेर पडल्यावर रामहरी म्हणाला, "त्येनं चांगल्या शब्दात न्हाय म्हनून सांगितलं."

"मला तर व्हय ऐकू आलं," महानंदा म्हणाली.

गावात गिटार शिकवणारे एक मास्तर होते. ती त्यांच्याकडं गेली. मास्तर फळ्यावर तारांच्या रेघा ओढून त्यांवर ठिपके काढायचे आणि मुलं बघून बोटं ठेवायची. रामहरीला पाहिल्यावर ते घुटमळले. "मला तोंडानं सांगून शिकवता येत नाही हो," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "मी स्वतः शिकलो तेही मासिकांतली चित्रं बघून."

"कसली मासिकं?"

"संगीताची. गिटारची. सात रस्त्यापाशी आप्पाचं रद्दीचं दुकान आहे, तिथं पुण्या-मुंबईचे गठ्ठे येतात. पण बाई, ती इंग्रजीत असतात."

महानंदा मोडनिंबच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची, अर्थ निम्म्याहून जास्त कळायचा नाही. तरी दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून सुटल्यावर ती सात रस्त्याला गेली.

आप्पाचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कागद. गिटारचं मासिक मागणारी बाई त्यानं आजवर पाहिली नव्हती. त्यानं खटपट करून एक गुळगुळीत अंक काढला. मुखपृष्ठावर लांब केसांचा माणूस, हातात लालभडक गिटार.

"ह्ये घ्या. रंग बगा की. आत मोठं चित्रबी हाय, भिंतीला लावायचं."

तो अंक तिनं घेतला. रस्त्यानं येताना तिला वाटत होतं की काम झालं. घरी आल्यावर रामहरीच्या मांडीवर गिटार दिली आणि वाचायला बसली. शेजारी गुरुसिद्धप्पा राहायचे, पोस्टात कारकून. त्यांच्याकडून तिनं एक जुनी डिक्शनरी आणली होती. रामहरी बोटं तारांवर ठेवून तयार होता.

पहिलं पान जाहिरातींचं. दुसऱ्यावर कोण कुणाच्या बँडमधून बाहेर पडला त्याची हकिकत. पुढं एका वादकाच्या गाडीचं वर्णन, मग त्याच्या बायकोचं. शेवटी कुठंतरी धडा सापडला. महानंदानं एक एक शब्द लावत वाचलं: वरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे बोटं ठेवा.

"कुटं ठिवू?" रामहरीनं विचारलं.

"वरच्या चित्रात दावल्यावानी."

रामहरीनं बोटं तारांवरून हळूच उचलली. महानंदानं ते चित्र आपल्या परीनं सांगून बघितलं, पण काळे ठिपके कुठल्या तारेवर, चित्राची वरची बाजू कुठली, हे तिलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तिनं मराठी मासिक आणलं. ते तिनं भराभर वाचून दाखवलं. मोठमोठ्या मैफलींची वर्णनं होती, सूर कसे आभाळाला भिडले, श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा कशा लागल्या. रामहरीनं सगळं मन लावून ऐकलं. ऐकायला छान वाटत होतं.

"चांगलं लिवलंय," तो म्हणाला. "पण ह्यात हात कुटं ठिवायचा, ते न्हाय."

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या महानंदाला एक गोष्ट उमगली. मासिक आपण निवडत नव्हतो, आप्पा निवडत होता, आणि तो मुखपृष्ठ बघून निवडत होता. आपल्याला काय लागतं, हे आपणच ठरवल्याशिवाय सापडायचं नाही.

पुढच्या खेपेला ती दुकानात गेली ती तशी तयारी करूनच. आप्पानं गठ्ठा पुढं टाकला. ती खाली बसली, एकेका अंकात धडा शोधायची, दोन ओळी वाचायची आणि डोळे मिटायची. डावा हात हवेत धरून बोटं वाकवायची. वाचलेल्या ओळींवरून बोट कुठं जायचं ते कळलं तर अंक उजवीकडं, नाही तर डावीकडं. डावीकडचा ढीग वाढत गेला.

आप्पा बराच वेळ बघत राहिला. "बाई, तुमाला बरं वाटत न्हाय का?"

"मला काय झालंय?"

"मग डोळं मिटून काय बगताय?"

तिनं सांगितलं. आप्पानं उठून शिडी लावली आणि वरच्या फळीवरचा, अजून न सोडलेला गठ्ठा खाली आणला.

त्या गठ्ठ्यात एक पातळ इंग्रजी मासिक निघालं. मुंबईत छापलेलं, एकाच रंगाचं, कागद पिवळट, मुखपृष्ठावर नुसती अक्षरं. उचलून बघावं असं त्यात काहीच नव्हतं. महानंदानं धड्याचं पान उघडलं. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, पहिल्या घरात. दुसरं बोट चौथ्या तारेवर, दुसऱ्या घरात. तिसरं बोट पाचव्या तारेवर, तिसऱ्या घरात. घर म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधली जागा, हेही तिथंच लिहिलं होतं, आणि तारा कुठल्या बाजूनं मोजायच्या तेही. खाली आणखी एक ओळ होती: आवाज बसका आला, तर बोट पट्टीच्या जवळ सरकवा.

तिला ती ओळ फार आवडली. लिहिणाऱ्याला माहीत होतं की शिकणाऱ्याचं चुकणार आहे.

शब्दही थोडेच होते. बोट, तार, घर, दाब, सोड, वर, खाली. पुन्हा पुन्हा तेच. चकचकीत मासिकात एका परिच्छेदासाठी डिक्शनरी दहादा उघडावी लागायची. या मासिकाचे दोन धडे झाल्यावर डिक्शनरी गुरुसिद्धप्पांकडं परत गेली.

तो पहिला कॉर्ड रामहरीनं धरला, तेव्हा आधी नुसता खडखड आवाज आला. त्यानं बोट पट्टीजवळ सरकवलं आणि पुन्हा छेडलं. सगळ्या तारा एकदम बोलल्या. रामहरी तसाच बसून राहिला. आवाज विरेपर्यंत त्यानं हात उचलला नाही.

"आता पुढचं वाच," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं पुढचं काही मागितलं होतं.

मग रोजचं तसंच चालू झालं. संध्याकाळी भाकरी झाली की ती वाचायची, तो वाजवायचा. चूल विझेपर्यंत एखादा कॉर्ड बसायचा, कधी नाही बसायचा. आप्पा नवीन गठ्ठ्यातले ते पिवळट अंक तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागला.

आणि एका अंकापाशी गाडी अडली. धडा डी मायनर नावाच्या कॉर्डचा होता. पहिलं बोट पहिल्या तारेवर पहिल्या घरात, दुसरं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात, तिसरं बोट दुसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात. रामहरीनं तसं धरलं, छेडलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो सूर न्हाय. दाताखाली खडा आल्यावानी लागतंय." त्यानं तिसरं बोट एक घर पुढं सरकवलं. "हितं बग. हितं बसतंय."

महानंदानं पुन्हा वाचलं. "न्हाय. दुसऱ्या घरातच हाय."

"नीट बग की."

"नीटच बगितलंय. छापलेलं काय उगं आसतंय व्हय? तुमी तुमचं काढू नका, त्यात हाय तसं धरा."

त्यानं नीट शिकावं, एवढंच तिला हवं होतं. पण रामहरीचा चेहरा उतरला. त्यानं बोट मागं घेतलं, छापलेलं तसं धरून दोन-चारदा वाजवलं आणि गिटार बाजूला ठेवली. "माजा कानबी गेला वाटतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार मागितली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महानंदाला घोर लागला. ती अंक घेऊन गुरुसिद्धप्पांकडं गेली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि तेच सांगितलं, दुसऱ्या घरात. "छापणारे तपासूनच छापतात," ते म्हणाले.

ती घरी आली. रामहरी भिंतीला टेकून बसला होता. डोळे गेल्यापासून उठायचं कधी, बसायचं कुठं, पाय कुठं टाकायचा, सगळं त्याला दुसरं कुणीतरी सांगत होतं. कानाला कळतं तेवढंच त्याचं स्वतःचं राहिलं होतं. त्यावर आपण छापील कागद ठेवला, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं ठरवलं की याचा छडा लावायचा. पुढचा अंक शोधायचा. पुढच्या धड्यात त्या कॉर्डचा उल्लेख असणारच.

आप्पाकडं तो अंक नव्हता. तिनं स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर विचारलं, शाळेजवळच्या रद्दीवाल्याकडं विचारलं, मास्तरांकडंही जाऊन आली. रविवारी ती आप्पाच्या दुकानात सकाळीच जाऊन बसली आणि एकेक गठ्ठा सोडायला लागली. आप्पा म्हणाला, "हे सगळं परत बांधायचं कुनी?" ती म्हणाली, "मी बांदते." आणि खरंच बांधत गेली. दशा वळून वळून तिच्या बोटांना गाठी पटापट मारायची सवय होती. दुपारपर्यंत केस, कपडे धुळीनं पांढरे झाले. आप्पानं तिला आपल्या डब्यातली भाकरी दिली.

ऊन कलल्यावर एका शिवणकामाच्या मासिकांच्या गठ्ठ्यात मध्येच तो पिवळट अंक सापडला. धड्याच्या आधी, पानाच्या कोपऱ्यात, चौकटीत बारीक अक्षरात चार ओळी होत्या. मागच्या अंकात डी मायनर सांगताना आमची चूक झाली. तिसरं बोट दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरात हवं. वाचकांची माफी मागतो.

महानंदानं ते दोनदा वाचलं. मग अंक छातीशी धरून ती घराकडं निघाली, आणि चालता चालता पळायला लागली.

"अवं, ऐका," ती दारातूनच म्हणाली, आणि उभ्या उभ्या वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

रामहरी म्हणाला, "म्हंजी कागद चुकला हुता?"

"व्हय. आनि मीबी."

"माजा कान बरुबर हुता?"

"तुमचा कान बरुबर हुता."

त्यानं हात पुढं केला. तिनं त्यात गिटार दिली. त्यानं डी मायनर धरला, तिसऱ्या घरात, आणि वाजवत राहिला. शेजारून गुरुसिद्धप्पा डोकावून गेले.

तेव्हापासून तिनं मासिकाची आणखी एक परीक्षा ठरवली. अंक हातात आला की आधी चुकीची दुरुस्ती कुठं आहे का, ते ती बघायची. ज्या मासिकात वर्षभरात एकदाही आपलं चुकल्याचं छापलेलं नसेल, त्याच्यावर तिचा भरवसा बसायचा नाही. आणि धडा वाचताना रामहरीचं बोट कागदाच्या विरुद्ध गेलं, तर ती कागद खाली ठेवून विचारायची, "तुमास्नी काय वाटतंय?"

शहात्तरच्या हिवाळ्यात ती रामहरीला पुन्हा बसलिंगप्पाकडं घेऊन गेली. दुपारची तालीम होती. ढोलकी, अकॉर्डियन, बोंगो, सगळी मंडळी जमली होती. बसलिंगप्पानं एक गाणं सुरू करायला लावलं. रामहरीनं कॉर्ड धरले. दुसऱ्या कडव्यात गायकाचा आवाज फाटला, तो थांबला. "पट्टी जरा खाली घ्या, घसा बसलाय," तो म्हणाला.

अकॉर्डियनवाल्यानं कुरकुर केली. रामहरीनं काही विचारलं नाही. पिवळट मासिकात एका धड्यात सांगितलं होतं की पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकलं, की हाताचा तोच आकार दांडीवर वरखाली सरकवता येतो. त्यानं हात सरकवला आणि गाणं खालच्या पट्टीत पुढं चालू केलं.

गाणं संपल्यावर बसलिंगप्पा जवळ आला. "कुठल्या मास्तरकडं शिकलास रे?"

"हिच्याकडं," रामहरी म्हणाला.

"मला वाजवाया येत न्हाय," महानंदा म्हणाली. "मी वाचून दावते फकस्त."

बसलिंगप्पानं दोघांकडं पाहिलं. मग अडचण सांगितली. टेम्पोतून जायचं, अनोळखी मंडप, पायात वायरी. काही झालं तर जबाबदारी कुणाची?

"मंडपात आमी आदी जाऊ," ती म्हणाली. "मी येकदा चालवून दाखवीन. मग त्येंला कुनी धरायचं न्हाय, आनि कुनी वाटबी दावायची न्हाय. येवडंच करा, त्येंची खुर्ची हलवू नका."

अकलूजला साखर कारखान्याच्या मैदानावर कार्यक्रम झाला. महानंदा दुपारीच त्याला मंडपात घेऊन गेली होती. सांजवेळी कार्यक्रम सुरू झाला. एका गाण्यात त्याचा एक कॉर्ड चुकला, तो सावरला, गाणं पुढं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसलिंगप्पानं सगळ्यांची नावं घेतली, घाईत रामहरीचं राहून गेलं. परतताना टेम्पोत सगळे खुशीत होते. महानंदा बसलिंगप्पाला म्हणाली, "मालक, ह्येंचं नाव राहिलं."

"अरे हो. राहिलंच की. जाऊ द्या, पुढच्या वेळी."

"पुडच्या वेळी पयलं घ्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण बसलिंगप्पानं मान डोलावली, आणि पुढच्या कार्यक्रमात रामहरीचं नाव खरंच पहिलं घेतलं.

घडी बसली. रामहरी ऑर्केस्ट्रात कायम झाला. दिवसा दोन-चार जण त्याच्याकडं शिकायलाही यायला लागले. महानंदानं कारखाना सोडला नाही. संध्याकाळचं वाचन तसंच चालू होतं, फक्त आता ऐकायला रामहरीबरोबर शिकणारेही असायचे, आणि धडा चालू असताना कुणी अंकात डोकावलेलं तिला चालायचं नाही. ऐकून हाताला कळलं पाहिजे, एवढंच ती म्हणायची.

अठ्ठ्याहत्तर साली भागातल्या सार्वजनिक वाचनालयानं संगीताची मासिकं सुरू करायचं ठरवलं. तरुण मुलांची मागणी होती. मासिकांसाठी थोडी रक्कम बाजूला काढली होती, आणि नावं पुष्कळ आली होती. गुरुसिद्धप्पा वाचनालयाच्या कमिटीवर होते. त्यांनी बैठकीत सांगितलं, "माझ्या शेजारच्या महानंदाबाईंना विचारा. गिटारची इतकी मासिकं गावात कुणी वाचली नसतील."

तिला बोलावलं. टेबलावर नमुन्याचे अंक मांडले होते. तिनं ते घरी न्यायची परवानगी मागितली. आठवडाभर ती आणि रामहरी संध्याकाळी एकेक अंक घेऊन बसले. ती वाचायची, तो ऐकायचा, मधूनच म्हणायचा, "ह्यो मानूस सोता वाजवत नसनार," किंवा "ह्ये परत वाच." मराठी मासिकांतलं एक त्याला मनापासून आवडलं. त्यात मैफलींची स्तुती कमी होती, आणि गवयांनी रियाज कसा केला, कुठं अडलं, ते त्यांच्याच शब्दांत होतं. त्यात बोटं ठेवायचे धडे नव्हते, तरी तिनं ते घेतलं. "ह्येच्यानं हात चालत न्हाय, पन रियाजाला बसायला जोर येतो," असं ती कमिटीला म्हणाली. दुसरं घेतलं ते मुंबईचं पिवळट इंग्रजी मासिक.

चकचकीत मासिक तिनं वगळलं, तेव्हा कमिटीतल्या एकानं हरकत घेतली. "पोरं तेच मागतायत. त्यातली चित्रं बघायला तरी येतील."

"येतील, आनि चित्रं फाडून नेतील," ती म्हणाली. "मग काय उरतंय त्यात? तुमी ठरवा. मला विचारलं म्हनून सांगितलं."

थोडी चर्चा झाली. शेवटी तिनं सुचवलेली दोन मासिकं मंजूर झाली. काही मुलं नाराज झाली. एक-दोघांनी वहीत तक्रारही लिहिली. महानंदानं ती वाचली आणि खाली 'वाचली' असं लिहून सही केली.

पिवळट मासिकाचा पहिला अंक आला त्या दिवशी ती कारखान्यातून थेट वाचनालयात गेली. अंक लाकडी टेबलावर होता, आणि त्याच्यापुढं मिसरूड फुटलेला एक पोरगा बसला होता, डावा हात हवेत धरून, डोळे मिटून. महानंदा शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्याचं वाचून व्हायची वाट बघत राहिली.